बड-किआरी सिंड्रोम: स्टेंट घालावा की टिप्स करावे?

प्रश्न (कोथरूड):
माझी धाकटी बहीण २८ वर्षांची आहे. पोट फुगू लागल्यावर केलेल्या डॉप्लर सोनोग्राफीत, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीने बंद झाल्याचे, म्हणजे बड-किआरी सिंड्रोमचे निदान झाले. रक्त पातळ करणारी आणि लघवीवाटे पाणी उतरवणारी औषधे चालू असून मीठही कमी केले आहे, तरी पोटात पाणी पुन्हा भरते. एक डॉक्टर स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी) सुचवतात, दुसरे ‘टिप्स’ म्हणतात, आणि प्रत्यारोपणाचा विषय निघाल्यापासून आईची झोप उडाली आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ, डेक्कन):
अडथळा कोठे आणि किती लांबीचा आहे, यावर हे ठरते. यकृताच्या शिरेचा किंवा पोटातील महाशिरेचा छोटा भागच अरुंद झाला असेल, किंवा महाशिरेत पडदा आला असेल (आपल्याकडे असे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसतात), तर फुग्याने तो भाग रुंदावून स्टेंट बसवल्यास रक्त नैसर्गिक मार्गानेच वाहते. म्हणून शक्य असेल तेथे हाच पर्याय आधी पाहावा. शिरा लांबवर बंद असतील, तर टिप्स: मानेच्या शिरेतून जाऊन यकृताच्या आतून पोर्टल शिरेला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेला) वाट करून दिली जाते. त्याने दाब आणि पाणी उतरते, मात्र आतड्यांकडील काही रक्त यकृताला वगळून जात असल्याने गुंगी किंवा गोंधळलेपणा येऊ शकतो. प्रत्यारोपण हे बहुतेक वेळा यकृत झपाट्याने निकामी होत असल्यास, किंवा हे उपाय निष्फळ ठरल्यास. केवळ अहवाल नव्हे, सीटी स्कॅनची सीडीच इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टना (स्टेंट, टिप्स अशा प्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवावी.

उत्तर (पिंपरी):
दादा, माझे टिप्स झाले आहे. त्यानंतरही वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) सुटलेले नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) २ ते ३ दरम्यान ठेवावा लागतो आणि पालेभाजी बंद न करता रोज साधारण सारखीच खावी लागते. सकाळी पोट साफ झाल्यावर केलेले वजन मी वहीत लिहिते, कारण पाणी भरू लागल्याचे तेथे आधी कळते. गुठळी का झाली, हे रक्तविकारतज्ज्ञांकडून अवश्य शोधून घ्या. माझी जेएके२ (रक्तविकाराशी संबंधित जनुकीय बदलाची) तपासणी पॉझिटिव्ह आली आणि त्या रक्तविकाराचे उपचार वेगळे सुरू झाले. ताई गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील, तर ते डॉक्टरांना आजच सांगा.

उत्तर (पोटविकारतज्ज्ञ, डेक्कन):
त्यात एक जोडतो. वॉरफरिन गर्भाला अपायकारक असल्याने, पुढे मूल हवे असल्यास गर्भधारणेपूर्वीच भेटावे. त्या काळात वॉरफरिनऐवजी हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांवर आणता येते.