मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर डोळ्यापुढे काळे ठिपके: थांबावे का?

कोथरूडकर
माझ्या मेहुण्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण गेल्या वर्षी झाले असून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध मात्र मुदत संपल्यावर बंद झाले. आठवडाभर त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत आहेत आणि पेपर वाचताना ओळीतली काही अक्षरे पुसल्यासारखी वाटतात. डोळा लाल नाही, दुखतही नाही. औषधाच्या दुकानदाराने दिलेले स्टिरॉइडचे थेंब घालावेत का, आणि पुढच्या महिन्यातील तपासणीपर्यंत थांबावे का?

नेत्रविभाग_निवृत्त
थांबू नये, आजच, फार तर उद्या, दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) तज्ज्ञांना दाखवावे. सायटोमेगॅलो विषाणू बहुतेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे निपचित असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की दृष्टिपटलावर हल्ला करू शकतो. अशा वेळी डोळा वरून अगदी स्वच्छ दिसतो, दुखत नाही, त्यामुळे लाली नाही म्हणून निश्चिंत राहणे इथे महागात पडते. नेमके निदान मात्र बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याशिवाय होत नाही. त्यानंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा स्कूटर घरीच ठेवून रिक्षाने जावे. थेंब घालू नयेत: दृष्टिपटलाच्या या आजारावर त्यांचा उपयोग नाही, आणि बुबुळावर हर्पिस विषाणूचा संसर्ग असेल तर स्टिरॉइडने तो फोफावतो.

सिंहगडरोड_वाचक
एचआयव्हीबाधितांमध्ये सायटोमेगॅलो विषाणूचा हा आजार प्रामुख्याने सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटर रक्तात ५०च्या खाली गेल्यावर दिसतो. उपचारात गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून किंवा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर गोळीच्या रूपात देतात, गरज पडल्यास डोळ्यातही इंजेक्शन देतात. गोळीची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यानुसार ठरते आणि पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. नजरेचा गेलेला भाग परत मिळत नाही, उपचाराने फक्त उरलेला वाचतो. शिवाय बरा झालेला पडदा पातळ होऊन सुटू शकतो, त्यामुळे ठिपके अचानक वाढले किंवा सावली सरकताना दिसली तर लगेच जावे.

नेत्रविभाग_निवृत्त
एक राहिले. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पुरळ असेल तर तेही दाखवावे, कारण ती डोळ्याजवळची नागीण असू शकते आणि तिचे औषध शक्यतो ७२ तासांत सुरू व्हावे लागते. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनाही आजच फोन करावा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांची मात्रा कमी करायची की नाही, हे तेच ठरवतील. स्वतःहून एकही गोळी बंद करू नये.