शब्दचर्चा : प्लास्टिकचे कण ‘शोधले’, ‘आढळले’ की ‘मोजले’?

प्रश्न : ‘डिटेक्शन’ला सरसकट ‘शोधणे’ म्हणावं का? ‘पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक शोधलं’ असं वाक्य भाषांतरात वारंवार येतंय आणि दर वेळी खटकतंय. शिवाय मायक्रोप्लास्टिक लिहावं की सूक्ष्मप्लास्टिक?

उत्तर : खटकतंय ते बरोबरच आहे. शोधणं म्हणजे हुडकायला लागणं. सापडेलच असं त्यात काही नाही. प्रयोगशाळेत एकामागून एक तीन वेगळी कामं होतात. कण आढळतात, मग त्यांची ओळख पटते, मग मोजणी होते. तिन्हींना एकच क्रियापद लावलं की बातमीचा अर्थच बिघडतो.

किनाऱ्यावरच्या वाळूचा नमुना घ्या. तो मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळून ठेवतात. वाळू तळाशी बसते, पॉलिथिनचे आणि पॉलिप्रॉपिलिनचे कण वर येतात. पीव्हीसी मात्र वाळूसोबत खाली जातं, कारण त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास आणि पीव्हीसीची साधारण १.४. म्हणून अनेक ठिकाणी मिठाऐवजी जड असं झिंक क्लोराइडचं द्रावण वापरतात. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून शेवाळ, काडीकचरा असा सेंद्रिय भाग नाहीसा करतात आणि उरलेलं गाळून घेतात. गाळणकागदावर नाईल रेड हा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं की कण चमकू लागतात.

इथवर फक्त ‘प्लास्टिकसदृश कण आढळले’ एवढंच लिहिता येतं. नाईल रेड स्निग्ध पदार्थांनाही धरतो, त्यामुळे चमकलं ते सगळं प्लास्टिक नसतं. ओळख पटते ती अवरक्त किंवा रामन वर्णपट घेऊन, तो माहीत असलेल्या प्लास्टिकच्या वर्णपटांशी ताडून. अवरक्त पद्धत साधारण १० ते २० मायक्रॉन आकाराच्या कणांपर्यंत उतरते, रामन १ मायक्रॉनच्या आसपास. (सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवलेला प्रकाश विखुरण्याचा परिणाम आज या कामाला येतोय, याचा मला फार आनंद वाटतो.)

आता मोजणी. २०१८ मध्ये ९ देशांतल्या बाटलीबंद पाण्याच्या तपासणीत लिटरमागे सरासरी ३२५ कण मिळाले होते. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने बाटलीबंद पाण्यातच लिटरमागे सुमारे २,४०,००० कण मोजले. म्हणून प्रमाण ‘वाढलं’ असं लिहिणं साफ चूक. पहिल्या तपासणीत साडेसहा मायक्रॉनखालचं काही धरलंच नव्हतं. दुसरीतले सुमारे ९० टक्के कण नॅनोप्लास्टिक, म्हणजे १ मायक्रॉनहूनही बारीक होते. बदलली ती शोधमर्यादा, म्हणजे पद्धतीला टिपता येणारा सर्वांत बारीक आकार. हा शब्द मराठीत रुळायलाच हवा. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ ‘त्या मर्यादेपर्यंत आढळलं नाही’ एवढाच असतो.

नावाबद्दल म्हणाल तर मी मायक्रोप्लास्टिकच लिहितो. या शब्दाची रूढ वरची मर्यादा ५ मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याएवढा दाणाही त्यात बसतो. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ जहाज बुडाल्यावर केरळच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लास्टिकच्या गोळ्या हाताने वेचता येत होत्या. त्यांना ‘सूक्ष्म’ म्हणवत नाही.

पुरवणी प्रश्न : पिशवीवरचा मायक्रॉन आणि हा मायक्रॉन एकच ना?

उत्तर : एकक एकच, मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवीवरचे १२० मायक्रॉन ही तिची जाडी असते, इथे कणाचा आकार सांगितलेला असतो. त्यामुळे ‘१० मायक्रॉनचं प्लास्टिक’ असं मोघम न लिहिता ‘१० मायक्रॉन आकाराचे कण’ लिहावं. तंतू असेल तर लांबी आणि जाडी दोन्ही द्यावी. अहवालात ‘लिटरमागे मायक्रोग्रॅम’ असेल तर तिथे कण मोजलेले नाहीत, वस्तुमान मोजलेलं आहे. नमुना तापवून, विघटन होऊन निघालेले वायू तपासण्याची एक पद्धत आहे, तिच्यातून हाच आकडा मिळतो. त्यावरून कणांची संख्या काढता येत नाही, तेव्हा भाषांतरात ‘इतके कण’ असं लिहू नये.