मायक्रोग्लियाला ‘सैनिक पेशी’ म्हणावं का?

प्रश्न: मेंदूतल्या गाठींची सुरुवात कशी होते यावर मराठीत लेख लिहिते आहे. ‘मायक्रोग्लिया’ (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) हा शब्द जागोजागी येतो. पांढऱ्या पेशींना शरीराचे सैनिक म्हणतात, तसं ‘मेंदूच्या सैनिक पेशी’ चालेल का? आणि ‘ट्यूमर’ला गाठ, अर्बुद की कर्करोग?

— ‘सैनिक’ नकोच. सोपा आहे, पण इथे वाचक नेमका त्यानेच चकेल. गाठ कोवळी असताना याच पेशी तिला हातभार लावतात, हा तर तुमच्या लेखाचा गाभा. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक पिल्लांत हे जिवंतपणी दिसलं आहे. बिघडू लागलेल्या पेशी एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू सोडतात, त्या खुणेवर मायक्रोग्लिया तिकडे जातात, त्यांना बिलगून राहतात, पण सहसा गिळत नाहीत. मायक्रोग्लिया काढून टाकल्या की त्या पेशींची वाढ मंदावते. एनएफ-१ या आनुवंशिक आजारात मुलांच्या डोळ्याच्या नसेवर गाठ येते. तिच्या उंदरांतल्या अभ्यासात तर साखळीच सापडली: टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीसीएल-४ हे निरोप देणारं प्रथिन सोडतात, त्याने मायक्रोग्लिया सीसीएल-५ हे तसंच दुसरं प्रथिन बनवू लागतात आणि त्यावर गाठ पोसते.

एकदा सैनिक म्हटलंत की पुढे ‘फितूर’ म्हणावं लागेल, आणि तेही अन्यायाचं आहे. मेलेल्या पेशी उचलणं, चेतापेशींची निगा राखणं, इजा भरून काढणं ही त्यांची नेहमीची कामं. गाठ तीच कामं आपल्यासाठी करून घेते.

— मग ‘महाभक्षी पेशी’?

— तो शब्द मॅक्रोफेजला (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) दिलेला आहे, आणि गाठीत रक्तातून आलेले मॅक्रोफेजही असतात. दोघांचं मूळ वेगळं: मायक्रोग्लिया गर्भावस्थेतच पीतक कोशातून (गर्भाला जोडलेली पिशवी, योक सॅक) मेंदूत येऊन वस्ती करतात, रक्तातून आलेले मॅक्रोफेज मात्र अस्थिमज्जेतून येतात. दोघांना एकच नाव दिलं तर कोण काय करतं हे सांगताच येणार नाही. स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ साली दिलेलं नाव तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘मेंदूतल्या निवासी रोगप्रतिकारक पेशी’ एवढा खुलासा करा.

— ‘ट्यूमर’ला गाठ. वैद्यकीय मजकुरात अर्बुद ठीक. सरसकट कर्करोग नको: डोळ्याच्या नसेवरच्या त्या गाठी बहुधा संथ वाढणाऱ्या असतात, आणि तुमचा लेख त्या मुलांचे आईवडीलही वाचतील.