आईने तलाठ्याला २,००० रुपये दिलेत, आज पाचवा दिवस. तक्रार कुठे आणि कशी करू?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

वडील गेल्यावर शेतावर वारस नोंद लावायला आईने अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. हरकतीचे १५ दिवस उलटून महिना झाला, तरी फेरफार मंजूर होईना. शेवटी तलाठ्याने ५,००० मागितले. सोसायटीचं पीक कर्ज नव्याने घ्यायचं होतं, सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय ते मिळत नाही. तिने २,००० दिले. मी पुण्यात असतो, मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाकीचे ३,००० सोमवारी न्यायचे आहेत.

मला आधी लोकपालच आठवले. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावर अण्णांचं उपोषण चालू होतं, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या मोर्चात वडील चालले होते. पण २०१३ चा कायदा वाचला तर लोकपालांकडे केंद्राचे मंत्री, खासदार, केंद्राचे कर्मचारी येतात. तलाठी राज्याचा. आपल्याकडे लोकायुक्त १९७१ च्या कायद्यापासून आहेत, पण ते चौकशी करून शिफारस करतात, आणि मला तर सोमवारच्या आत काहीतरी व्हायला हवंय. राहिला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग.

झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवलं तरच सवलत. म्हणजे हातात दोनच दिवस आहेत.

तक्रार आईनेच द्यावी लागेल का? ती फार घाबरलीय. पैसे दिल्याचा कागद, रेकॉर्डिंग काहीच नाही. आणि नंतर फेरफार मुद्दाम अडवला तर? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, उद्यावर टाकू नका, आत्ताच लाचलुचपत विभागाच्या १०६४ ला फोन लावा. मागणी आईंकडे झालीय, तेव्हा त्यांनाच सोबत न्या. २,००० कधी, कुठे, कुणाच्या हातात दिले, आणि का द्यावे लागले, हे तक्रारीत स्पष्ट लिहा, लपवू नका. पुरावा नाही म्हणून अडत नाही. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, सापळा त्यानंतर. गावात एका शब्दाने बोलू नका. फेरफारासाठी तहसीलदारांकडे वेगळा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ता

फोन केला. रात्रीच्या गाडीने निघतोय, सकाळी आईला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जातो.