२८ मिमी चेटक्याचा झगा: चुण्या बोथट, प्रायमर खरखरीत

अर्धाथेंब
२८ मिमी उंचीची चेटक्याची बाहुली ग्रीन स्टफमध्ये (निळी आणि पिवळी मळून कडक होणारी इपॉक्सी पुट्टी) घडवतोय. निळी-पिवळी पुट्टी समसमान. धड वाळल्यावर त्यावर अख्खा झगा एका दमात चढवला. चुण्या कोरताना धारदार दिसतात, वाळल्यावर गोलमटोल. पाठीची चूण कोरताना पुढची बोटाखाली चेपते. स्प्रे प्रायमरनंतर (रंगाआधीचा अस्तराचा थर) झग्यावर बारीक रव्यासारखी खर दिसते आणि खांद्याजवळ नखाने पापुद्रा निघतो. हत्यार चिकटू नये म्हणून व्हॅसलीन लावतो. कुठे चुकतंय?

तारकाम
'एका दमात' इथेच. आधी पाठ, ती कडक झाली की डावी बाजू, मग उजवी. म्हणजे धरायला नेहमी वाळलेली जागा मिळते. घाई असेल तर उबदार बल्बच्या टेबललॅम्पखाली ठेवा, वाळणं बरंच लवकर होतं. एलईडीला ऊब नसते, तो इथे बिनकामाचा.

धार बोथट होते कारण ताजी पुट्टी रबरासारखी मागे येते. मळल्याबरोबर फक्त जाडी आणि मोठे उंचवटे बसवा, मग अर्धा-पाऊण तास हात लावू नका. बोटाचा ठसा उमटतो पण पुट्टी बोटाला चिकटत नाही, अशी झाली की चुणीची धार काढा. कापडासाठी निळी थोडी जास्त घ्या, ३ भाग निळी, २ भाग पिवळी. पिवळी वाढली की पुट्टी मऊ आणि चिकट होते. ते चेहऱ्याला चालतं. पट्टीच्या स्वरूपातली पुट्टी असेल तर दोन रंग जिथे भिडतात तिथली मिलिमीटरभर पट्टी कापून टाका. तिथे ती आधीच कडक झालेली असते आणि मळल्यावर तेच कण कोरणीखाली लागतात.

चुणी सुटते ताणाच्या जागेवरून: खांद्याची पिन, वाकलेलं कोपर, मुठीत धरलेली कड. तिथे अरुंद, खाली येताना रुंद. वरपासून खालपर्यंत समांतर रेघा ओढल्या की झग्याचा पन्हळी पत्रा होतो.

मॅटफिनिश
प्रायमरचं दुखणं वेगळं आहे, आणि एक नाही, दोन आहेत. खर येते ती डबा लांब धरल्याने: थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर भुकटी बसते. २० ते ३० सेंमीवरून फवारा, बाहुलीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे सोडा, दोन-तीन पातळ थर. दमट किंवा फार गरम हवेत फवारूच नका.

पापुद्रा मात्र व्हॅसलीनचा. हत्याराला पाण्याचं बोट पुरतं. व्हॅसलीन वापरलंच तर पुट्टी पूर्ण वाळू द्या (२४ तास धरा), मग कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश. चुणीच्या तळाशी ब्रश फिरतोय ना ते बघा, तेलकटपणा तिथेच दडतो.

अर्धाथेंब
बसलेल्या चुण्या सँडपेपरने धारदार करू का? आणि रंगवताना खोलगट भागात वॉशचे (खोलगट भागात उतरणारा पातळ रंग) डाग पडतात, त्याचं काय?

तारकाम
सँडपेपर नको. वाळलेली ग्रीन स्टफ लवचिक राहते, घासली की केसाळ होते. नवीन ब्लेडने कापा. घासायचंच असेल तिथे पुढच्या वेळी निम्मं मिलीपुट (घासता येणारी कडक इपॉक्सी पुट्टी) मिसळा.

मॅटफिनिश
नुसत्या पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा बंध तुटतो, आणि थेंबाच्या कडेला कडं उरतं. निम्मं पाणी, निम्मं मॅट मीडियम (रंगद्रव्याविना रंगाचा बिनचमकीचा बंधक) घ्या. झग्यावर वॉश ओतण्यापेक्षा ग्लेझ (पारदर्शक पातळ थर) बरा: १ भाग रंग, ४-५ भाग हे मिश्रण, ब्रश टिश्यूला टेकवून जास्तीचं शोषून घ्यायचं. फटकारा उजेडाकडून सावलीकडे ओढा, कारण ब्रश जिथे उचलता तिथे रंग साचतो. प्रत्येक थर सुकल्याशिवाय पुढचा नाही. ओल्यावर ओढलात तर खालचा उकलून येईल.