जुने राक्षसपट डिस्कवर पुन्हा बघावेत का? माझं मत: दोन सोडून नकोत

तिकीटखिडकी

महाकाय राक्षसांचे जुने चित्रपट आता इतक्या देखण्या डिस्कवर मिळतात की कुणालाही मोह व्हावा. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने २०१९ साली गॉडझिलाचे १९५४ ते १९७५ मधले पंधरा चित्रपट एका थोरल्या संचात काढले. त्यातल्या पहिल्याची फोर-के डिस्क २०२४ मध्ये आली. काँग, बाहुल्या फ्रेमफ्रेमने हलवणाऱ्या हॅरीहाउसेनचे प्राणी, वॉर्नरच्या राक्षसी मुंग्या, सगळं उपलब्ध आहे. गेल्या पावसाळ्यात यातलं बरंचसं बघून काढलं आणि माझं मत पक्कं झालं. १९३३ चा 'किंग काँग' आणि १९५४ चा 'गोजिरा', म्हणजे पहिला जपानी गॉडझिला, एवढे दोन परत बघावेत. बाकीचे लहानपणी जसे दिसले तसेच डोक्यात राहू द्यावेत.

'गोजिरा'ची गोष्टच वेगळी आहे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनीच्या प्रवाळबेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख डाइगो फुकुर्यू मारू या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात वारला. ३ नोव्हेंबरला चित्रपट थिएटरात लागला. पहिल्याच दृश्यात समुद्रात लख्ख उजेड होतो आणि बोट जळते. ते काय चाललंय हे त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धातून घरी परतताना हिरोशिमावरून गेलेला माणूस. म्हणून राक्षस निघून गेल्यावर त्याचा कॅमेरा इस्पितळात जातो. तिथे एका लहान मुलासमोर किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. त्याआधी टोकियोच्या गिन्झा भागात एक आई पोरांना कवटाळून म्हणते की आता थोड्याच वेळात आपण बाबांकडे जाऊ. हे राक्षसपटात बसतच नाही, आणि म्हणूनच तो आजही अंगावर येतो.

आता त्याच संचातला दहावा-बारावा चित्रपट लावा. शहर रिकामं, माणसं टेकडीवर उभी राहून कुस्ती बघतायत. कुणाला खरचटतही नाही. वर प्रत इतकी स्वच्छ की घिडोराच्या तिन्ही मानांच्या तारा मोजता येतात. जुन्या धुरकट प्रतीत तो ड्रॅगन होता, आता तो मच्छरदाणीसारखा टांगलेला दिसतो. हा संस्कार की विटंबना?

मिठागर

तारांचं रडगाणं दर दोन वर्षांनी ऐकू येतं. तुमच्या लाडक्या धुरकट प्रतीत नेमकं काय दिसत होतं, तेही सांगा की. १९५७ नंतरचे तोहोचे, म्हणजे गॉडझिला काढणाऱ्या जपानी स्टुडिओचे, बहुतेक राक्षसपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले, रुंदी उंचीच्या जवळजवळ अडीचपट. व्हिडिओ कॅसेटवर ते चौकोनी टीव्हीत कोंबताना दोन्ही बाजू कापल्या जायच्या. डावीकडे मोथ्रा, उजवीकडे गॉडझिला, आणि मधोमध रिकामं आकाश! तुम्ही ज्या आठवणी जपताय त्या जेमतेम अर्ध्या चित्राच्या आहेत.

आणि १९६४ साली टोकियोच्या थिएटरात नवीकोरी प्रिंट बघणाऱ्याला तारा दिसत नव्हत्या असं थोडंच आहे? दिसत असणारच. तरी लोक पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत.

भुईनळा

+१. शिवाय घरी बघण्यात पॉझ बटण आहे. १९५५ च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी'मधला ऑक्टोपस गोल्डन गेट पूल पाडतो तिथे थांबवा आणि पाय मोजा. सहाच भरतात, कारण आठ हलवायला पैसे नव्हते. हे कळल्यावर मला तर तो सीन जास्तच आवडायला लागला.

तिकीटखिडकी

मिठागर, कापलेल्या चित्राचं मान्य. पण पूर्ण चित्रातही शेवटी रबराचा सूटच आहे ना? चित्र पूर्ण झालं म्हणून चित्रपट चांगला होत नाही.

लॅचकी_पोर

रबराचा सूट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो आतून कसा होता ते एकदा वाचावं. गॉडझिलाची ट्रिक-दृश्यं करणाऱ्या त्सुबुरायाला काँगसारखं एकेक फ्रेम हलवूनच काम करायचं होतं. तेवढा वेळ हातात नव्हता म्हणून माणूस सूटमध्ये घातला. पहिला सूट शंभर किलोच्या आसपास होता आणि इतका ताठ की धड चालता येईना. शेवटी तो कापून खालचा भाग पायांच्या शॉट्ससाठी वापरला. हारुओ नाकाजिमा आत घामाने निथळत उभा. चाल बसवायला तो प्राणिसंग्रहालयात हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. कॅमेरा जास्त वेगाने फिरवून तेच नेहमीच्या वेगाने दाखवलं की कोसळणाऱ्या इमारतीला वजन येतं. ही सगळी कारागिरी धुरकट कॅसेटवर वाया गेली होती. स्वच्छ डिस्कवर पहिल्यांदा कळतं की कौलं सुटी सुटी बसवलेली आहेत आणि तीही पडताना सुटी सुटीच पडतात.

पण माझं खरं भांडण 'बाकीचे नकोत' याच्याशी आहे. सगळ्यात नावडता मानला जाणारा चित्रपटच घेते. १९६९ चा 'ऑल मॉन्स्टर्स अटॅक'. सत्तर मिनिटांचा, अर्ध्याअधिक मारामाऱ्या १९६६ आणि १९६७ च्या चित्रपटांतून उचललेल्या. तोहोने मुलांसाठी सुट्टीत जो चित्रपटांचा एकत्र खेळ सुरू केला त्यातला हा पहिला. लहानपणी बघितला असता तर मीही 'फसवलं' म्हणाले असते.

आता मोठेपणी बघा. कावासाकीतली धुराडी, रेल्वेचे रूळ, रिकामे कारखाने. इचिरोचे वडील रेल्वेत, आई रात्री उशिरापर्यंत कामावर. पोर शाळेतून येतं, कुलूप उघडतं, एकटं बसतं. शेजारचे खेळणी बनवणारे काका तेवढे बोलायला. शाळेच्या वाटेवर दांडगट पोरं मारतात, म्हणून हा झोपेत राक्षसांच्या बेटावर जातो. तिथे गॉडझिलाचं पोरगंही त्याच्यासारखंच भित्रं आणि त्यालाही एक दांडगट छळतो. म्हणजे उसन्या मारामाऱ्या इथे त्या मुलाने आधी थिएटरात बघितलेल्या मारामाऱ्या आहेत. स्वप्नात आपण तेच बघणार ना? दिग्दर्शक तोच होंडा. त्सुबुराया तेव्हा आजारी होता, पुढच्या जानेवारीत गेला, त्यामुळे राक्षसांचं कामही होंडानेच सांभाळलं.

पहिल्या चित्रपटात बॉम्ब होता. इथे भरभराटीच्या काळात दिवसभर घरी एकटं राहणारं मूल आहे. तुम्हाला दुसरं कमी महत्त्वाचं वाटतं, मला नाही. आई-वडील दोघं नोकरीला जाणाऱ्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये मी वाढले, त्यामुळे पक्षपात असेल. असू दे.

धोपटमार्ग

बायकांनो आणि पुरुषांनो, एका माणसावर अन्याय होतोय. रेमंड बर! १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत त्याला वार्ताहर म्हणून मध्ये घुसडला, जपानी दृश्यांच्या मधेमधे त्याचे खिडकीतून बघतानाचे शॉट चिकटवले, आणि सगळे सिनेमावाले तेव्हापासून त्या आवृत्तीला शिव्या घालतात. पण ती नसती तर जपानबाहेर गॉडझिला हे नाव किती जणांच्या तोंडी आलं असतं? आणि गंमत म्हणजे १९५७ मध्ये तीच आवृत्ती जपानातही लावली होती. जपान्यांनी बघितली, आपण का लाजायचं? क्रायटेरियनच्या डिस्कवर दोन्ही आहेत. मी आधी बरवालीच लावतो.

तिकीटखिडकी

धोपटमार्ग, नाव पोचवल्याबद्दल बरचे आभार, पण पोचलं ते काय? लोकलमध्ये ती बाई म्हणते ना, आधी अणुबॉम्बवाले मासे आणि आता हे, नागासाकीतून वाचले ते याच्यासाठी का? ते संभाषण त्या आवृत्तीत गळालं. संसदेतली भांडणं गेली, जिथे बायका उठून 'लोकांना खरं सांगा' म्हणतात. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० वर आला, त्यातही बरचा भाग नव्याने घातलेला. मूळ चित्रपट अमेरिकन थिएटरांत नीट लागायला २००४ उजाडलं. पन्नास वर्षं लोक नुसता दात उपटलेला वाघ बघत होते.

धोपटमार्ग

तरी इस्पितळ राहिलं, आणि उद्ध्वस्त शहरही राहिलं. बर त्या भग्न टोकियोतच शुद्धीवर येतो. दात सगळे नाही काढलेत.

सदाफुली

मला काँगबद्दल विचारायचंय. तिकीटखिडकीने त्याला आपल्या दोन चित्रपटांत बसवलं म्हणून. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दाखवावा का? काँगला हलवणाऱ्या ओब्रायनच्या बाहुल्या अप्रतिम आहेत, वाद नाही. दीड फुटी काँग, अंगावर सशाची फर, आणि हलवणाऱ्याची बोटं लागून ती फर सारखी विस्कटत राहते. मुलीला सांगितलं तर ती फक्त तेच बघत बसली. पण बेटावरच्या लोकांचं चित्रण? काळी माणसं, नाचणारी, गोरी बाई दिसली की सहा बायकांच्या बदल्यात ती मागणारी. 'त्या काळात असं असायचं' एवढं म्हणून पुढे जायचं का?

मिठागर

दाखवा आणि बोला. कापू नका. कापण्याचा प्रयोग त्या चित्रपटावर होऊन गेलाय. १९३८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना सेन्सॉरच्या नियमांसाठी काँग माणसं चावतो, चिखलात तुडवतो, एका बाईला इमारतीवरून सोडून देतो, असे तुकडे काढले. बेटावरच्या लोकांचं चित्रण मात्र कुणालाच खटकलं नाही, ते जसंच्या तसं राहिलं. सेन्सॉरला कशाची लाज वाटत होती ते यातून दिसतं. कापलेले तुकडे दशकांनी परत जोडले गेले, आज डिस्कवर आहेत.

सदाफुली

बोलणं तर होतंच. पण मुलगी चित्रपट संपल्यावर काँगसाठी रडली आणि बेटावरच्यांसाठी नाही, याचं काय करायचं? काँगने त्यांचं अख्खं गाव मोडलं होतं.

लॅचकी_पोर

सदाफुली, हा या धाग्यावरचा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. मुलीला 'गोजिरा' दाखवा, थोडी मोठी झाल्यावर. तिथे गाव कुणाचं मोडलं हे विसरता येत नाही.

पुणे५२

धाग्यात प्रॅक्टिकल माहिती कुणीच देत नाही म्हणून. डिस्क ठरावीक देशगटातल्या (रीजनच्या) प्लेअरवरच चालते. क्रायटेरियनच्या ब्लू-रे रीजन ए च्या आहेत, भारत रीजन सी मध्ये येतो. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालतील असं गृहीत धरू नका. फोर-के डिस्कला रीजनची भानगड नाही, तिथे फक्त प्लेअर आणि टीव्ही लागतो. डीव्हीडीत आपण रीजन पाच. न्यू जर्सीतल्या भाच्याकडून संच मागवण्याआधी हे बघा.

आणि रंगवलेल्या प्रतींबद्दल कुणी बोललं नाही. हॅरीहाउसेनचे १९५० च्या दशकातले कृष्णधवल चित्रपट डिस्कवर रंगीत होऊन आले तेव्हा तो स्वतः त्या कामात होता. त्याला तेव्हा रंग परवडत नव्हता, इतकंच. डिस्कवर दोन्ही प्रकार मिळतात. इथले शुद्धतावादी त्याला काय सांगणार?

भुईनळा

सांगणार की कृष्णधवलच लाव. सावल्यांत जे लपतं ते रंगात उघडं पडतं. ज्याने केलं त्याचंच ऐकलं पाहिजे असा नियम नाही.

रीळ_तुटलं

तुम्ही सगळे फार श्रीमंत माणसांसारखे भांडताय. कुठली आवृत्ती, कुठला रंग, तार दिसते की नाही. १९६६ साली हिंदीत 'गोगोला' नावाचा राक्षसपट आला होता. समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर चालून जातो. पोस्टरं आहेत, गाणी आहेत, चित्रपट नाही. हरवला. आपल्या मुंबईला राक्षसाने कसं तुडवलं, तारा दिसत होत्या की नव्हत्या, सूट कुणी शिवला, काही कळायचा मार्ग नाही.

तोहोनेसुद्धा काही फार जपून ठेवलं नव्हतं. १९६२ चा 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' १९७० मध्ये मुलांच्या खेळासाठी आखूड करताना त्यांनी मूळ निगेटिव्हच कापली. पूर्ण जपानी चित्रपट चांगल्या अवस्थेत उभा करायला २०१६ उजाडलं. क्रायटेरियनच्या संचात तर तो पुरवणीत आहे, मुख्य जागी अमेरिकन आवृत्तीच. तिकीटखिडकी, तुमच्या 'दोन ठेवा, बाकी सोडा' या हिशोबाने तेव्हाच्या कुणी खरंच वागलं असतं तर लॅचकी_पोरचा इचिरो कुठे असता?

तिकीटखिडकी

मी बघू नका म्हणालो, जाळा म्हणालो नाही. जपणं अभिलेखागाराचं काम, रविवार दुपार माझी. 'गोगोला'चं वाचून वाईट वाटलं आणि तो मिळाला तर मी नक्की बघेन, पण त्यात जिव्हाळा मुंबईचा आहे, चित्रपटाचा नाही. इचिरोबद्दल लॅचकी_पोरने जे लिहिलंय ते चित्रपटापेक्षा सरस आहे. मी तो नीट जागा राहून बघितलाय. त्यात दरोडेखोर इचिरोच्या मागे लागतात तो पाठलाग आठवून बघा.

लॅचकी_पोर

दरोडेखोर वाईटच आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण मग १९७१ चा हेडोरा घ्या. कारखान्यांच्या गाळातून वाढलेला राक्षस. दिग्दर्शक बान्नोने योक्काइची या जपानी शहराचा धूर बघून तो सुचल्याचं सांगितलंय. तिथे माणसं टेकडीवर उभी राहून कुस्ती बघत नाहीत. हेडोरा वरून उडत गेला की खालच्या माणसांचे सांगाडे होतात. 'कुणाला खरचटतही नाही' हे तुमचं वाक्य, तुमच्याच संचातल्या अकराव्या चित्रपटासमोर ठेवून बघा.

तिकीटखिडकी

त्याच चित्रपटात गॉडझिला तोंडातून ज्वाळा सोडत शेपटी पोटाशी धरून उलटा उडतो. सांगाडे आणि ते, दोन्ही एकाच दीड तासात. कुठल्याला गंभीरपणे घ्यायचं ते तुम्हीच सांगा.

लॅचकी_पोर

दोन्हीला.