४१–४२: पीच बोल किकरनं घालवला की प्रशिक्षकानं?

ओहायोवाला

३१ डिसेंबर २०२२, अटलांटा. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ओहायो स्टेट विरुद्ध जॉर्जिया. पीच बोल, म्हणजे त्या मोसमाची राष्ट्रीय उपांत्य फेरी. चारपैकी तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आपण ३८–२४ पुढे होतो आणि सामना संपला तेव्हा ४१–४२ मागे. नवीन वर्ष लागता लागता आपला किकर नोआ रगल्सची ५० यार्डांची, सामना जिंकून देणारी ३ गुणांची किक (फील्ड गोल) गोलपोस्टच्या डावीकडे बाहेर गेली. तेव्हापासून जो तो त्याच्याच डोक्यावर खापर फोडतो. मला हे पटत नाही आणि इतक्या वर्षांनीही त्याचा राग जात नाही.

त्या किकच्या आधी काय झालं ते बघा. आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) सी. जे. स्ट्राउड स्वतः २७ यार्ड पळाला आणि बॉल जॉर्जियाच्या ३१ यार्डावर आणून ठेवला. घड्याळात २४ सेकंद. फर्स्ट डाउन, म्हणजे १० यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला (डाउन) पहिला. त्या रात्री स्ट्राउडचे ३४ पैकी २३ पास पूर्ण, ३४८ यार्ड, ४ टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत, म्हणजे एंड झोनमध्ये, नेऊन ६ गुण) आणि एकही इंटरसेप्शन (समोरच्यानं पकडलेला पास) नाही. देशातल्या अतिशय कडक बचावांपैकी एकाला तो चार तास फोडत होता. अशा माणसाच्या हातात बॉल असताना पहिल्या डाउनला काय केलं? धावणाऱ्याला हँडऑफ, म्हणजे बॉल नुसता हातात दिला. एक यार्ड मागे. मग दोन पास अपूर्ण, आणि ज्या अंतरावर मदार ठेवायलाच नको होती तिथून किक.

त्या २४ सेकंदांत साइडलाइनकडे दोन छोटे पास बसत होते. एकेकाला पाच-सहा सेकंद लागतात, आणि पकडणारा रेषेबाहेर गेला की घड्याळ आपोआप थांबतं. त्यातला एक जरी आठ-दहा यार्डांना लागला असता तरी ५० ची किक ४० ची झाली असती. तेव्हा प्ले-कॉलिंग, म्हणजे कुठला डाव खेळायचा ते ठरवणं, आपले प्रशिक्षक रायन डे स्वतः करत होते. कच त्यांनी खाल्ली, किकरनं नाही.

अथेन्सकर

मी जॉर्जियाचा, तेव्हा माझं बोलणं एकतर्फी वाटेल. पण तुम्ही शेवटची २४ सेकंदंच का धरून बसलाय? चौथ्या क्वार्टरमध्ये जॉर्जियानं १८ गुण केले. आधी फील्ड गोलचे ३, मग टचडाउन आणि त्यानंतरचं दोन जादा गुणांचं कन्व्हर्जन मिळून ८, शेवटी टचडाउन आणि जादा किकचा १ मिळून ७. तुम्ही त्याच क्वार्टरमध्ये ३ केलेत. हा हिशोब किकनं बिघडवला नाही आणि त्या हँडऑफनंही नाही.

सामना फिरला तो पंटवर, म्हणजे चौथ्या डाउनला बॉल लांब लाथाडून समोरच्याला देण्यावर. स्कोअर ३८–२७. तुमचा बॉल तुमच्याच ३४ यार्डाच्या आसपास, चौथा डाउन, हवा फक्त एक यार्ड. तुम्ही पंटच्या रचनेत उभे राहिलात आणि फेक पंट (पंटचा नुसता बहाणा) टाकलात. डाव साधलाही, यार्ड मिळालं. पण स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, अगदी आधी आमचा प्रशिक्षक कर्बी स्मार्टनं टाइमआउट घेतला होता, म्हणून तो डाव धरलाच गेला नाही. मग तुम्ही मुकाट पंट केलात आणि त्यानंतरच्या पहिल्याच स्नॅपला आमचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेटचा एरियन स्मिथला ७६ यार्डांचा टचडाउन पास. कव्हर करणारा तुमचा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) घसरला आणि स्मिथच्या पुढे गोल लाइनपर्यंत कुणी उरलंच नाही.

एखादा प्रशिक्षक समोरची रचना बघून एका सेकंदात टाइमआउट घेतो, याला नशीब म्हणत नाहीत. त्यासाठी आठवडाभर समोरच्याचे स्पेशल टीम्सचे (किक-पंटच्या तुकड्यांचे) व्हिडिओ बघावे लागतात. कोण कुठे उभा राहतो, पंटरच्या पुढचा रक्षक कधी एक पाऊल आत सरकतो, हे पाठ असावं लागतं. सामना साइडलाइनवरच जिंकला गेला, एवढं तुमचं बरोबर. फक्त तो आमच्या साइडलाइनवर.

ओहायोवाला

टाइमआउटचं श्रेय स्मार्टला आहेच, ते नाकारत नाही. पण तुम्ही माझ्याच मुद्द्याला हातभार लावलात. टाइमआउटच्या आधी डे यांना वाटत होतं की हे एक यार्ड मिळवायलाच हवं. टाइमआउटनंतर यार्ड तेवढंच, डाउन तोच, स्कोअर तोच. मग विचार का बदलला? नेहमीचा ऑफेन्स (आक्रमणाची फळी) मैदानात आणून ते यार्ड मागता आलं असतं. त्या क्षणापासून संघ जिंकायला खेळायचा थांबला आणि आघाडी सांभाळायला लागला. ३१ यार्डावरचा हँडऑफ त्याच मनःस्थितीतून आला.

अथेन्सकर

फेक पंट चालतो तो समोरचे परत पळायच्या तयारीत असतात म्हणून. टाइमआउटनंतर तुमच्यासमोर आमची खरी बचावफळी उभी राहिली असती आणि मधोमध आमचा बचावपटू जेलन कार्टर. स्वतःच्या ३४ वर ते एक यार्ड चुकलं असतं तर आम्हाला बॉल तुमच्या ३४ वरच मिळाला असता. ११ गुणांची आघाडी असताना नऊ-दहा मिनिटं राहिली की बहुतेक प्रशिक्षक तिथे पंटच करतात.

बकाय कोथरूड

तुम्ही दोघं त्या एका धडकेबद्दल अवाक्षर काढत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी, थर्ड डाउनला, एंड झोनच्या मागच्या बाजूला स्ट्राउडचा पास आपला रिसीव्हर (पास झेलणारा) मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरकडे जात होता. जॉर्जियाच्या जॅव्हॉन बुलार्डनं त्याला असं धडकवलं की तो पडला तो उठेचना. मैदानावरच्या पंचांनी टार्गेटिंगचा (डोक्यावरच्या धोकादायक धडकेच्या फाउलचा) झेंडा टाकला. रिप्लेनं (व्हिडिओ तपासणीनं) तो उचलला, म्हणजे निर्णय रद्द केला. हॅरिसनच्या डोक्याला मार बसला होता, तो परत खेळलाच नाही. तोवर त्याचे ५ झेल, १०६ यार्ड आणि २ टचडाउन झाले होते.

आता आकडे बघा. तो मैदानात असेपर्यंत आपले ३५ गुण. तो गेल्यावर उरलेल्या सामन्यात दोन फील्ड गोल, फक्त ६ गुण. टाइट एंड केड स्टोव्हर पाठीच्या दुखण्यानं आधीच बाहेर. जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा मांडीच्या दुखापतीमुळे खेळलाच नव्हता, ट्रेव्हेऑन हेंडरसन पायाच्या दुखापतीनं घरी. ओहायोवाला म्हणतात साइडलाइनकडे दोन छोटे पास. ते टाकायचे कुणाला? जॉर्जियाला रिसीव्हर एमेका एग्बुका सोडून कुणाची धास्तीच उरली नव्हती, त्याच्यावर दोघं लावले की काम झालं.

झेंडा राहिला असता तर फर्स्ट डाउन, बॉल गोल लाइनच्या अर्ध्या अंतरावर आणि टचडाउनसाठी नवे चार प्रयत्न. तीनऐवजी सात गुण आले असते तर ४२–२४. बुलार्ड सामन्याबाहेर, शिवाय पुढच्या सामन्याचा पहिला अर्धाही बाद. तो पुढचा सामना म्हणजे ९ जानेवारीची अंतिम लढत, तिथे जॉर्जियानं टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला) ६५–७ नं चिरडलं आणि याच बुलार्डनं दोन इंटरसेप्शन घेतले. अटलांटात मध्यरात्र झाली तेव्हा इथे १ जानेवारीच्या सकाळचे साडेदहा वाजले होते. अख्ख्या वर्षाची सुरुवात त्या एका उचललेल्या झेंड्यानं झाली.

पिवळा रुमाल

नियमाबद्दल एक गैरसमज सारखा दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंगचे दोन नियम आहेत. पहिला हेल्मेटच्या माथ्यानं धडक मारण्याबद्दल. तो कुणाही खेळाडूला लागू. दुसरा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्याला किंवा मानेला जोरानं धडकण्याबद्दल. झेल घेण्याच्या प्रयत्नात असलेला रिसीव्हर या दुसऱ्या व्याख्येत बसतो, त्यामुळे हॅरिसन 'बचाव करू न शकणारा' होता यात वाद नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. डोक्याला किंवा मानेला जोराचा स्पर्श हवा आणि सोबत एखादं लक्षण हवं: उडी मारून झेपावणं, खाली वाकून वरच्या दिशेनं झेप घेणं, डोकं खाली घालून धडकणं, हेल्मेट, खांदा, कोपर असं काही पुढे काढून डोक्यावर मारणं.

आता खरी मेख. २०१९ पासून टार्गेटिंगच्या रिप्लेत 'पंचांचा निर्णय कायम' हा मधला पर्यायच काढून टाकला. इतर रिप्लेत पुरावा पुरेसा नसेल तर मैदानावरचा निर्णय राहतो. टार्गेटिंगमध्ये रिप्ले पंचाला प्रत्येक घटक पडद्यावर दिसलाच पाहिजे. एकही निसटला तर निर्णय रद्द. म्हणजे संशयाचा फायदा इथे धडकणाऱ्याला मिळतो. नियम तसाच लिहिलेला आहे, कारण शिक्षा थेट हकालपट्टीची आहे.

बुलार्डचा पहिला स्पर्श खांद्यानं हॅरिसनच्या खांद्याच्या भागात होता की डोक्यावर, यावर लोक अजून भांडतात. त्या नियमाखाली निर्णय रद्द होणं मला समजू शकतं. मला पटत नाही ते पुढचं: टार्गेटिंग रद्द झालं आणि त्यासोबत दुसरा फाउल दिलेला नसेल, तर १५ यार्डांचा दंडही जातो. एवढ्या धडकेला एक यार्डही नाही. बदलायला हवं ते हे. हकालपट्टी वेगळी आणि यार्डांचा दंड वेगळा ठेवा.

होल्डर

किकबद्दल बोलायचं तर आधी मोजमाप करू. लाइन ३२ यार्डावर, एंड झोनचे १० यार्ड आणि होल्डर (किकसाठी बॉल धरणारा) साधारण ८ यार्ड मागे, असे ५० होतात. गोलपोस्टची रुंदी १८ फूट ६ इंच. मधोमध ठेवलेल्या बॉलसाठी ५० यार्डांवरून दोन्ही बाजूंना चूक चालते ती सुमारे साडेतीन अंशांची. ४० यार्डांवरून तीच जवळपास साडेचार अंश होते. फरक कागदावर एका अंशाचा, पण पायाला तो फार मोठा आहे, कारण लांबच्या किकला जोर वाढवावा लागतो. जोर वाढवला की कंबर लवकर वळते, पाय बॉलच्या आरपार जाण्याऐवजी आडवा जातो आणि बॉल ओढला जातो. स्नॅपपासून किकपर्यंत मिळतात सव्वा ते दीड सेकंद. त्यात सुधारायला वेळच नसतो.

म्हणून रगल्सला दोष देणाऱ्यांना सांगतो, याच माणसानं त्याच क्वार्टरमध्ये, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना ४८ यार्डांची किक मारून ४१–३५ केलं होतं.

पण ओहायोवाला, हँडऑफमागे विचारच नव्हता असं म्हणू नका. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्क (ज्यांच्या आत बॉल ठेवून डाव सुरू होतो त्या खुणा) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात. एनएफएलमध्ये ते गोलपोस्टइतकेच, साडेअठरा फुटांवर. बॉल हॅशवर राहिला तर कॉलेजच्या किकरला बऱ्यापैकी तिरकं मारावं लागतं. मधून धाव काढली की बॉल मधे येतो, आणि पुढचे पास अपूर्ण राहिले तरी जागा तीच राहते. शिवाय पासमध्ये सॅकचा (पास फेकण्याआधीच पाडलं जाण्याचा) धोका. आठ यार्डांचा सॅक झाला तर ५० चे ५८ होतात आणि किकचा विषयच संपतो.

तिसरा सेफ्टी

सगळे ऑफेन्सवर बोलताय. ४१ गुण करून हरलेल्या संघाचा ऑफेन्स कसला तपासता?

जिम नोल्स २०२२ मध्ये ओक्लाहोमा स्टेटहून ओहायो स्टेटकडे डिफेन्सचे (बचावाचे) समन्वयक म्हणून आले. त्यांची पद्धत चार लाइनमन (पुढची फळी), दोन लाइनबॅकर (मधली) आणि पाच मागचे, त्यातले तीन सेफ्टी. दबाव जास्त आणि मागे मदत कमी. ती लागली तर समोरच्याची दाणादाण उडते, चुकली तर थेट टचडाउन. २६ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगननं ४५–२३ नं हरवलं तेव्हाचे टचडाउन आठवा: ६९, ७५ आणि ४५ यार्डांचे पास, ७५ आणि ८५ यार्डांच्या धावा. पाच डावांत सामना गेला. पाच आठवड्यांनी अटलांटात बेनेटचे ३९८ यार्ड, त्यात तो ७६ चा. दुखणं तेच, औषध दिलंच नाही.

११ गुणांची आघाडी आणि नऊ मिनिटं बाकी असताना समोरच्यानं १२ डाव खेळून टचडाउन केला तरी चालतं, घड्याळ आपलंच असतं. चालत नाही ते एका डावात केलेला टचडाउन. तिथे दोन सेफ्टी खोल ठेवायचे आणि खालचे पाच-सात यार्ड खुशाल द्यायचे. माणूस घसरला हा अपघात. घसरल्यावर मागे कुणी नसणं हा मात्र कॉल, म्हणजे प्रशिक्षकाचा निर्णय. जॉर्जियाच्या शेवटच्या ड्राइव्हमध्येही (सलग चढाईत) ७२ यार्ड फक्त पाच डावांत दिले आणि ५४ सेकंद राहिली असताना त्यांच्या अडोनाय मिचेलनं टचडाउनचा झेल घेतला.

ओहायोवाला

तिसरा सेफ्टी, हे मान्य. दोन सेफ्टी खोल ठेवायचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

होल्डर, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यातूनच माझी बाजू बळकट होते. बॉल मधे आणून तुम्ही कोन वाचवलात आणि एक यार्ड गमावलंत. दहा यार्ड पुढे गेलात तर कोनही सुधारतो आणि जोरही कमी लागतो.

आणि पुरावा हवा असेल तर २० जानेवारी २०२५ घ्या. तेच अटलांटा, तेच मर्सिडीज-बेंझ स्टेडियम, राष्ट्रीय अंतिम सामना. आपल्यासमोर नोत्र दाम, ३१–७ मागे होतं ते ३१–२३ पर्यंत आलेलं. थर्ड डाउन, ११ यार्ड हवेत, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ. सावध प्रशिक्षक तिथे धाव काढतो, घड्याळ पळवतो आणि पंट करतो. तेव्हा प्ले-कॉलिंग चिप केलींकडे होतं. आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्डनं रिसीव्हर जेरेमाया स्मिथला लांब पास टाकला, ५६ यार्ड मिळाले, आणि २६ सेकंद राहिली असताना जेडन फील्डिंगनं मारलेली किक होती फक्त ३३ यार्डांची. ३४–२३.

बकाय कोथरूड

त्या तुलनेत एक गोष्ट राहते. जेरेमाया स्मिथ त्या थर्ड डाउनला मैदानात होता, एकट्या कॉर्नरबॅकसमोर (कडेच्या बचावपटूसमोर), दोन्ही पायांवर धडधाकट. २०२२ मध्ये तसाच एकजण आपल्याकडे होता आणि २४ सेकंद राहिली तेव्हा तो हेल्मेट काढून साइडलाइनवर उभा होता.

पिवळा रुमाल

एक दुरुस्ती, कारण वर ४२–२४ चं गणित आलं आहे. झेंडा राहिला असता तरी टचडाउनची खात्री नव्हती. फर्स्ट डाउन मिळाला असता, एवढंच ठामपणे म्हणता येतं. आणि हॅरिसन दोन्ही परिस्थितींत बाहेरच राहिला असता. डोक्याच्या दुखापतीनंतर खेळाडूला परत सोडायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, पंच नाहीत.